ऑटमूर आणि लॅक्स्टन : एक कुंपणात अडकलेलं, एक कुंपणातून सुटलेलं

धाकटा भाऊ मिल्टन कीन्सला असतो, त्यामुळे इंग्लंड काही मला नवं नाही. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे आधीच बघून झालंय. यावेळी मात्र निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की मला गावं बघायचीत आणि कुठली ते मी सांगणार. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखमध्ये गेली. मोजणी, हद्दी, फाळणी, बांधावरची भांडणं यातच केस पांढरे झाले, त्यामुळे इंग्लंडमधल्या एन्क्लोजरबद्दल हाताला लागेल ते मी वाचत आलेय. वाचून डोक्यात जे होतं ते एकदा जमिनीवर उभं राहून बघायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वी इंग्लंडातल्या बऱ्याच गावांत शेतजमीन दोन-तीन मोठ्या उघड्या शिवारांत असायची, प्रत्येक कुटुंबाचे लांबट पट्टे त्यात इकडेतिकडे विखुरलेले, मध्ये कुंपण नाही, आणि पीक निघालं की त्याच शिवारात सगळ्या गावाची गुरं सुटायची. त्याशिवाय गावाचा माळ, दलदल, झुडपी रान असायचं, ते म्हणजे कॉमन. आपल्या गायरानासारखं म्हणा, पण एक मोठा फरक होता. आपलं गायरान सरकारचं किंवा ग्रामपंचायतीकडे दिलेलं असतं, तिकडे कॉमनची मालकी बहुतेक वेळा तिथल्या लॉर्डची, म्हणजे बड्या जमीनदाराची, आणि गावकऱ्यांकडे फक्त हक्क. चराईचा, सरपणाचा, माती-दगड काढायचा, मासे धरायचा. एन्क्लोजरमध्ये हे हक्क कायद्याने संपवले गेले आणि जमीन वाटून कुंपणं घातली गेली. बहुतेक ठिकाणी एकेका पॅरिशसाठी (एका चर्चखालचा गावाचा परिसर) पार्लमेंटने वेगळा कायदा केला. १६०४ ते १९१४ मध्ये असे ५,२०० च्या वर कायदे झाले आणि त्यात सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्तच.

गुरुवार : लॅक्स्टन

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. सकाळी निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा थर होता, भाऊ तो खरवडत होता आणि भावजयीने मागच्या सीटवर डबा ठेवला, कारण तिचा गुरुवार. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि थर्मासमध्ये चहा. "ताई, तिथल्या पबमध्ये मला चिप्सशिवाय काही चालणार नाही, तुम्ही दोघं जेवा निवांत," म्हणाली.

लॅक्स्टन नॉटिंगहॅमशरमध्ये, न्यूआर्कच्या वायव्येला. इंग्लंडात उघड्या शिवारांची शेती अजून गावाच्या पंचायतीसकट चालू आहे ती या गावात, म्हणून सुरुवात इथूनच करायची असं माझं ठरलेलं होतं. इथे पूर्ण एन्क्लोजर कधी झालंच नाही. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शिवारं आजही आहेत, एकात गहू, एकात उन्हाळी पीक, एक पड, आणि दरवर्षी चक्र पुढे सरकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून मोठे केले गेले, त्यामुळे जुन्या नकाशातल्यासारखी बारीक नक्षी आता दिसत नाही, पण गावातून बाहेर पडून शिवाराच्या तोंडाशी उभं राहिलं की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे कुंपण नाही. नजर सरळ चढावरून पार क्षितिजापर्यंत जाते. रस्त्यात दोन तास दोन्ही बाजूंना हेज, म्हणजे झुडपांची कुंपणं, बघत आलेलो होतो, त्यामुळे तर जास्तच जाणवलं.

आम्ही मुद्दाम ज्युरी डे बघून गेलो होतो. नोव्हेंबरच्या शेवटाला किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला एका गुरुवारी गावच्या शेतकऱ्यांची ज्युरी त्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारात फिरते आणि कोणी बांध कोरलाय का ते बघते. म्हणजे आपला पट्टा नांगरताना सामायिक रस्त्यात किंवा गवताच्या पट्टीत कोण घुसलंय का. डझनभर माणसं, जाड कोट, गमबूट, एका ट्रॉलीत लाकडी खुंट्यांचा ढीग. जिथे पट्टा संपून रस्ता सुरू होतो तिथे थांबायचं, दोघंतिघं वाकून बघणार, एक जण लांब जाऊन उभा राहणार, हातानेच इकडे-तिकडे करणार, आणि मग मोगरीने खुंटी ठोकायची. गव्हाचे कोंब बोटभर वर आलेले, चिखल इतका चिकट की बुटाला किलोभर माती लागायची. मी डोळे फाडून बघत होते, पण साखळी नाही, टेप नाही, मशीन नाही. आधीची खुंटी, पुढची खुंटी आणि डोळ्याची लाईन. आमच्याकडे याच कामाला हद्द कायम मोजणीचा अर्ज, फी, नोटीस, पोलीस बंदोबस्त आणि तरीही अपील!

एक वयस्कर शेतकरी होते, त्यांना माझा कामधंदा सांगितल्यावर एकदम खुलले आणि आमच्याबरोबर चालायला लागले. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा नांगर आत गेलाय तो माणूस बऱ्याचदा तिथेच, त्याच घोळक्यात उभा असतो, त्यामुळे वाद फार वाढत नाही. आठवड्याने कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं न्यायालय, भरतं, त्यात दंड ठरतो, पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. मी विचारलं की मनापासून सांगा, परवडतं का असं शेत करणं. ते म्हणाले की शिवारावर एकट्यावर घर चालत नाही, बाकीची जमीन असतेच, पण हे सोडवत नाही. मग त्यांनी शिवाराच्या मधली ओबडधोबड गवताची पट्टी दाखवली. याला साइक म्हणतात, नांगरता न येणारी ओलसर नाहीतर उताराची जागा, तिच्यावर हक्कदारांचा सामायिक हक्क आणि दरवर्षी तिथल्या गवताचा लिलाव. कधीच नांगरलेली नसल्यामुळे उन्हाळ्यात तिथे रानफुलं भरून येतात म्हणे.

या गावाचा १६३५ चा मार्क पिअर्सने केलेला नकाशा प्रसिद्ध आहे, मूळ ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत असतो. मी फोटो आधीच बघून ठेवले होते. एकेक पट्टा काढलेला आणि मध्ये नांगर धरलेली इवलीशी माणसं पण रंगवलेली. माझ्या हाताखाली आलेल्या कुठल्याच नकाशात माणूस नव्हता.

जेवण डोव्हकोट इनमध्ये झालं. ज्युरी पण तिथेच, त्यामुळे गर्दी आणि चिखलाचे बूट दारात. मी बटाट्या-लीकचं गरम सूप आणि ब्रेड घेतला, भावाने पाय (आत सारण भरलेला भाजलेला पदार्थ), भावजयीने गाडीत बसून खिचडी खाल्ली आणि नंतर आत येऊन चिप्स घेतल्या.

जाणार असाल तर : ज्युरी डेची तारीख दरवर्षी बदलते, आधी बघूनच निघा. पबच्या मागेच व्हिजिटर सेंटर आहे, तिथून सुरुवात केली की शिवारं नीट कळतात. गमबूट पाहिजेतच. जुन्या किल्ल्याची टेकडी गावाच्या उत्तरेला आहे, वेळ असेल तर चढा, वरून छान दिसतं.

परतताना भावाने एक रास्त प्रश्न विचारला. "ताई, पट्टे एकत्र करणं तर आपल्याकडे पण झालं ना, मग त्यात वाईट काय?" झालं ना. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा, त्यातूनच गट नंबर आले, आणि त्या योजनेतल्या क्षेत्राच्या चुका निस्तरण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. विखुरलेले तुकडे एकत्र केल्याने विहीर काढता येते, पीक आपल्या मर्जीने घेता येतं, हा फायदा खराच आहे आणि इंग्लंडमध्येही एन्क्लोजरवाल्यांचं हेच म्हणणं होतं. पण तिथल्या बहुतेक कायद्यांनी एकाच कागदात दोन कामं उरकली. पट्टे एकत्र केले आणि त्याच सहीने सामायिक हक्क पण संपवले. ज्याच्याकडे जमिनीचा नाहीतर घराला जोडलेल्या हक्काचा पुरावा होता त्याला वाट्याला काहीतरी आलं, ज्याची गाय केवळ वर्षानुवर्षं चरत होती म्हणून चरत होती त्याला काहीच नाही. आणि ज्याला छोटासा तुकडा मिळाला त्याला कुंपणाचा खर्च करावा लागला, तो झेपला नाही की विकून मोकळा.

शुक्रवार : बेकली

सकाळभर पाऊस, म्हणून उशिराच निघालो. ऑक्सफर्डच्या ईशान्येला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत, ऑटमूर आहे. सुमारे ४,००० एकरांची बशीसारखी सपाट दलदल आणि तिच्या काठावर सात गावं : बेकली, नोक, ऑडिंग्टन, चार्लटन, फेनकॉट, मरकॉट आणि स्टडली. या सात गावांचा मिळून हा कॉमन. हिवाळ्यात पाण्याखाली, उन्हाळ्यात गुरं, घोडी आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाळीव हंस, म्हणजे गीझ. ज्याच्याकडे स्वतःची वीतभर जमीन नाही त्यालाही गीझचा थवा पाळता यायचा, कारण चारा फुकट. मासे होते, रानपक्षी होते.

बेकली टेकाडावर आहे. चर्चच्या बाजूने खाली बघितलं तर समोर अख्खं ऑटमूर, ढगांच्या फटीतून ऊन पडलेलं, आणि ते चौकोन चौकोन. हेजच्या सरळ रेषा, मधून सरळ खणलेले चर. मोजणीवाल्या माणसाला अशा रेषा लगेच ओळखू येतात. ओढा, वाट, जुना बांध यांनी जमीन तुटते तेव्हा कडा वाकड्या असतात, आणि टेबलावर बसून पट्टीने तोडली की अशा सरळ असतात. मी बराच वेळ तिथे उभी होते, भाऊ-भावजय थंडीने कंटाळून पुढे पबमध्ये गेले.

पबचं नाव ॲबिंग्डन आर्म्स. हा पब २०१७ पासून गावाच्या मालकीचा आहे. बंद पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी शेअर काढून विकत घेतला. शेकोटीजवळची जागा मिळाली. भाजलेल्या भोपळ्याचं काहीतरी छान होतं, वर कुरकुरीत बिया, आणि नंतर तिघांत एक स्टिकी टॉफी पुडिंग. बारवरच्या मुलीला ऑटमूरच्या दंगलीबद्दल विचारलं तर ती म्हणाली शाळेत शिकवलंय, आणि शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा लगेच खुर्ची वळवून बसले. त्यांनी दंतकथा सांगितली. फार पूर्वी एका बाईने सात गावांसाठी ही जमीन मिळवली. ओटची पेंढी जळून होईपर्यंत घोड्यावरून जेवढा फेरा मारशील तेवढी जमीन गावांची, असं ठरलं होतं आणि तिने सगळं ऑटमूर फिरून काढलं. कागद कुठलाच नाही. पण लोकांच्या मनात हाच त्यांचा सातबारा होता, आणि पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायलाच लागते.

जाणार असाल तर : नोव्हेंबरात चारला सूर्य मावळायला लागतो, त्यामुळे बेकलीचा देखावा बघायचा तर दुपारी दोनच्या आत पोचा. बस मोजक्याच आहेत, वेळापत्रक बघून जा नाहीतर गाडी घ्या. पब जेवणासाठी आधी बुक केलेला बरा.

शनिवार : चार्लटन, फेनकॉट, मरकॉट आणि संध्याकाळचे पक्षी

चार्लटन-ऑन-ऑटमूरचं चर्च लांबूनच दिसतं. आत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा कोरीव लाकडी पडदा आहे, आणि त्याच्यावर एक हिरवागार क्रॉस, पूर्ण बॉक्स नावाच्या झुडपाच्या पानांनी मढवलेला. लांबून बघितलं तर हिरवे कपडे घातलेलं कोणीतरी हात पसरून उभं आहे असं वाटतं. एक बाई उद्याच्या प्रार्थनेसाठी फुलं लावत होत्या, त्यांनी सांगितलं की मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलं हार घेऊन येतात. त्यांनी आम्हाला पडद्यावरचं कोरीव काम जवळून दाखवलं, मोबाईलचा टॉर्च लावून. द्राक्षांचे वेल, पानं, काही ठिकाणी जुना रंग अजून धरून आहे.

मला मात्र दार बघायचं होतं. त्या काळी एन्क्लोजरचा अर्ज पार्लमेंटमध्ये न्यायचा तर पॅरिशच्या चर्चच्या दारावर ऑगस्ट-सप्टेंबरच्या रविवारी नोटीस लावणं बंधनकारक होतं. १८०१ मध्ये ऑटमूरसाठी अशी नोटीस लावायला माणसं आली तेव्हा गावोगावी जमाव हातात मिळेल ते घेऊन दारांशी उभा राहिला, नोटीस लावूच दिली नाही. आमच्याकडे नोटीस बजावायला गेलेला माणूस किती वेळा हात हलवत परत आलाय हे मी बघितलंय, त्यामुळे त्या दाराच्या लोखंडी कड्या हाताने धरून बघितल्या. थंडगार होत्या. दार त्या वेळचंच की नंतरचं, ते विचारायचं मला सुचलं नाही, दगडी चौकट मात्र जुनी आहे.

लोकांनी चौदा वर्षं थोपवलं. शेवटी १८१५ मध्ये कायदा झालाच. मागे सगळ्यात जास्त लागलेला माणूस म्हणजे स्टडलीचे सर अलेक्झांडर क्रोक, पेशाने वकील आणि न्यायाधीश. मग जमीन वाटून द्यायला नेमलेले कमिशनर आले, मोजणी झाली, रे नदीला नवा पाट खणून बांध घातले, आणि निवाडा यायला १८२९ उजाडलं. पण पाणी काही निवाडा वाचत नाही. बांधामुळे पूर वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या जमिनीत घुसला, त्यांनी जाऊन बांध फोडले. त्यांच्यावर खटला भरला आणि १८३० च्या उन्हाळ्यात ते सुटले, कारण कमिशनरांनी अधिकाराबाहेर जाऊन बांध घातले असं न्यायाधीशांचं मत पडलं. एवढं ऐकल्यावर सात गावांनी काय समजायचं ते समजलं : बांध बेकायदा, म्हणजे सगळं एन्क्लोजरच रद्द. कायद्याने तसं नव्हतं. पण निकालाचा एक भाग कानावर आला की लोक पूर्ण निकाल आपल्या बाजूने धरतात, हे तर मी बांधाबांधावर अनुभवलंय, आणि त्यात लोकांची लबाडी नसते, त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

ऑगस्टच्या रात्रींत तोंडाला काळं फासून, काही जण बायकांचे कपडे घालून, हेज तोडायला लागले, पूल मोडायला लागले. मग ६ सप्टेंबर १८३०, सोमवार. ठरलं की रात्रीचं लपूनछपून बास, दिवसाढवळ्या सगळं ऑटमूर फिरायचं, जुन्या रिवाजाप्रमाणे हद्द फिरून ताबा घ्यायचा. सुमारे हजार माणसं सात मैलांचा फेरा मारायला निघाली, हातात कुऱ्हाडी, कोयते, आणि वाटेत येईल ते प्रत्येक कुंपण तोडत. त्या बाईने घोड्यावरून मारलेला फेरा डोक्यात ठेवूनच. मला विचाराल तर ती हद्द कायम मोजणीच होती, फक्त सरकारी नव्हती. जमावाने पांगावं म्हणून दंगल कायदा वाचून दाखवला, लोक हलले नाहीत, मग घोडदळ आलं, साठ-सत्तर लोक धरले आणि त्यातल्या चाळीसच्या वर लोकांना गाड्यांत घालून ऑक्सफर्डच्या तुरुंगाकडे रवाना केलं.

हे सगळं मी भाऊ-भावजयीला फेनकॉटहून मरकॉटला जाताना चालत चालत सांगत होते. छोटी गावं, विटांची आणि दगडाची घरं, एका फाटकाशी टोपलीत सफरचंद ठेवलेली, शेजारी डबा, पैसे टाका आणि घेऊन जा. भावजयीने सहा घेतली. वाटेत एक मुलगा घोडा घेऊन जात होता, त्याने थांबून पुढच्या वाटेवर पाणी आहे म्हणून सांगितलं, खरंच पोटरीपर्यंत होतं, मग मागे फिरून रस्त्याने गेलो.

इथे एक गोष्ट कळली आणि मी अक्षरशः थक्क झाले. १९८० च्या दशकात एम ४० मोटरवे ऑटमूरवरून जायचा होता. तेव्हा पर्यावरणवाल्यांनी वाटेतलं एक शेत विकत घेतलं, त्याला ॲलिसेस मेडो नाव दिलं, आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करून ३,००० च्या वर लोकांना विकले. आता रस्त्यासाठी जमीन घ्यायची तर प्रत्येक तुकड्याच्या मालकाला नोटीस काढा, प्रत्येकाची हरकत ऐका! भूसंपादनाचं काम जवळून बघितलेल्या कोणालाही विचारा, एका गटात चाळीस हिस्सेदार निघाले तरी फाईल किती वर्षं हलत नाही. शेवटी मोटरवे ऑटमूरला वळसा घालून गेला. १८३० ला कागद नव्हता म्हणून ज्यांचा मूर, म्हणजे ही दलदल, गेला, तोच मूर दीडशे वर्षांनी तीन हजार कागदांनी वाचवला. जन्मभर तुकडेबंदीच्या नावाने शेरे मारलेल्या मला हे पचवायला वेळ लागला, पण मनापासून आवडलं.

दुपारी तीनच्या सुमाराला परत बेकलीच्या बाजूने खाली, पक्ष्यांच्या राखीव क्षेत्रात. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्सने १९९७ पासून इथली शेतजमीन घेऊन पुन्हा पाणी अडवायला सुरुवात केली. म्हणजे एवढा खटाटोप करून जे पाणी काढून टाकलं ते मुद्दाम परत आणलं. रीड म्हणजे पाण्यातलं उंच गवत, उथळ तळी, ओली कुरणं. टिटवीच्या जातीचे लॅपविंग शेकड्याने उठत होते. एक स्वयंसेवक काका दुर्बीण लावून उभे होते, त्यांनी भावजयीला मार्श हॅरिअर दाखवला, रीडवरून अगदी खालून, पंख न हलवता जाणारा.

मग स्टार्लिंग, साळुंकीच्या जातीचे पक्षी, यायला लागले. आधी पंधरा-वीस, मग एकेका दिशेने थवेच्या थवे, आणि अर्ध्या तासात आकाशात काळा ढग हलायला लागला. तो ताणला जायचा, पिळला जायचा, मध्येच दोन भाग होऊन परत एक. डोक्यावरून गेला तेव्हा हजारो पंखांचा एकच सळसळाट, पावसाची सर जवळ यावी तसा. लहान मुलं ओरडत होती, मोठी माणसं गप्प. अंधार पडता पडता सगळे एकदम रीडमध्ये उतरले आणि तिथून जो कलकलाट सुरू झाला तो पार्किंगपर्यंत ऐकू येत होता.

जाणार असाल तर : स्टार्लिंगसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं. टॉर्च, हातमोजे, गरम काहीतरी प्यायला बरोबर ठेवा. मूरच्या एका भागात लष्कराची गोळीबाराची जागा आहे, लाल झेंडा दिसला तर त्या बाजूच्या वाटेला जायचंच नाही. हिवाळ्यात मधल्या वाटा पाण्याखाली असतात, नकाशात वाट दिसते म्हणून घुसू नका, गावात विचारा.

रविवार : ऑक्सफर्ड

उरलेली गोष्ट ऑक्सफर्डमध्ये. कैद्यांच्या गाड्या शहरात शिरल्या त्या नेमक्या सेंट जाइल्सच्या जत्रेच्या दिवशी. सेंट जाइल्स म्हणजे उत्तरेकडून येणारा रुंद रस्ता, दोन्ही बाजूला झाडं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अजूनही तिथे जत्रा भरते. गाड्यांतल्या लोकांनी ओरडून सांगितलं, आम्ही ऑटमूरचे, आणि जत्रेतली गर्दी पेटली. "ऑटमूर फॉर एव्हर"च्या आरोळ्या, विटा, दगड, काठ्या. मूठभर घोडेस्वार आणि समोर अख्खी जत्रा. ब्यूमाँट स्ट्रीटला वळेपर्यंत त्यांची पार दैना झाली आणि सगळेच्या सगळे कैदी पळाले.

आम्ही तोच रस्ता चाललो. सेंट जाइल्सच्या चर्चपासून खाली, मग उजवीकडे ब्यूमाँट स्ट्रीट. कोपऱ्यावर ॲशमोलियन म्युझियम, समोर मोठं हॉटेल, यातलं काहीच तेव्हा नव्हतं. रस्ता मात्र तेव्हा अगदी नवा होता. रविवार सकाळ, घंटा वाजत होत्या, सायकली जात होत्या. भाऊ म्हणाला, "ताई, पण ह्या शहरातल्या लोकांचा ऑटमूरशी काय संबंध? त्यांची गुरं थोडीच तिथे चरत होती." मी पण याचा बराच विचार केलाय. जत्रेला आलेली माणसं आजूबाजूच्या खेड्यांतलीच असणार, नोकरचाकर, मजूर, फेरीवाले, आणि एन्क्लोजर तर पॅरिशमागून पॅरिश चालूच होतं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या गावचा कॉमन आधीच गेलेला असणार. गाडीत हात बांधलेली माणसं बघून त्यांना वेगळं काही सांगायची गरज पडली नसेल.

एक सांगितलंच पाहिजे, कैदी सुटले तरी ऑटमूर सुटलं नाही. सैन्य आणून ठेवलं, पहारे बसले, रात्रीची तोडफोड त्यानंतरही काही वर्षं चालू राहिली, आणि हळूहळू कुंपणं टिकली. आणि एवढं सगळं करून जमीन काही सोन्यासारखी पिकली नाही, ओलीच राहिली. कोणाचा फायदा झाला म्हणून विचाराल तर मोठ्या वाटेकऱ्यांचा, वकिलांचा आणि, सांगायला वाईट वाटतं, मोजणीदारांचा. कमिशनरांबरोबर साखळी घेऊन फिरणारी माझ्या पेशाची माणसं होती. त्यांनी नकाशे उत्तम केले, चूक काढायला जागा नाही इतके. पण चराईला येणारी गाय कुठल्या रेषेत दाखवायची हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नाही. आम्हीही गटाच्या नकाशात हेच करायचो, ज्याचा कागद नाही तो नकाशात नाही.

दुपारी कव्हर्ड मार्केटमध्ये गेलो. मांसाची, चीजची दुकानं, मधोमध चहाची जागा, ताज्या कुकीजचा वास. गरम पेस्टी खाल्ल्या, भावजयीने आईसाठी लोकरीचा स्कार्फ घेतला.

जाणार असाल तर : ऑक्सफर्डमध्ये गाडी आत नेऊ नका, शहराबाहेर पार्क अँड राइडला लावून बसने या. लॅक्स्टनचा मूळ नकाशा बोडलियनमध्ये असला तरी तो कायम बाहेर मांडलेला असेल असं धरून जाऊ नका. एन्क्लोजरचे निवाडे आणि नकाशे बघायचे असतील तर काउलीमध्ये ऑक्सफर्डशर हिस्टरी सेंटर आहे, एका जुन्या चर्चमध्ये. रविवारी जाऊन उपयोग नाही, कामाच्या वारी आधी चौकशी करून, काय बघायचंय ते कळवून जायचं, पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. माझं तिकीट मंगळवारचं होतं त्यामुळे ते राहिलं. भावाला पॅरिशची नावं लिहून दिलीत, तो वेळ घेऊन ठेवणार आहे.